टॉर्कभाऊंची डावी वळणं

शुक्रवारी दुपारी मालकांनी टॉर्कभाऊंना केबिनमध्ये बोलावलं आणि काही न बोलता टेबलावर दोन चाव्या ठेवल्या. टॉर्कभाऊंनी आधी चाव्यांकडे पाहिलं, मग मालकांकडे, मग पुन्हा चाव्यांकडे.

"खाली दोन गाड्या उभ्या आहेत," मालक म्हणाले. "एक पांढरी, एक निळी. दोन्ही शोरूमवाल्यांनी सोमवारपर्यंत वापरायला दिल्यात. यातली एक मी घेणार. कुठली, ते तुम्ही सांगायचं."

"मी?"

"मग काय मी सांगू? मला गाडीतलं एवढंच कळतं की मागचं दार कुठल्या बाजूला असतं. आयुष्यभर मागच्या सीटवर बसून दुसऱ्याच्या मानेकडे बघत आलोय. आता आपला ड्रायव्हर निवृत्त होतोय. म्हटलं, यापुढे आपली आपण चालवायची, आणि चालवायची तर जरा झोकात."

टॉर्कभाऊंची छाती फुगली. ती फुगणारच होती. लिफ्ट बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत ते तक्रार विभागाचे प्रमुख होते. पण त्यांची खरी कीर्ती होती ती जेवणाच्या सुट्टीतली. डबा उघडला की ते गाड्यांवर बोलायला लागत आणि डबा बंद झाला तरी थांबत नसत. कुठल्या इंजिनाचा दम किती, कुठली गाडी वळणावर रस्ता कसा धरून ठेवते, मागच्या चाकांना जोर देणारी बरी की पुढच्या, सगळं तोंडपाठ. 'टॉर्क', म्हणजे इंजिनाची ओढ, हा शब्द त्या ऑफिसात त्यांनीच आणला आणि तोच त्यांना चिकटला. त्यातही त्यांचा जीव होता तो खाली उभ्या होत्या तसल्या, बड्या कंपन्यांच्या धाकट्या स्पोर्ट्स गाड्यांवर. बड्या घराण्यातलं शेंडेफळ असावं तशा या गाड्या: आडनाव मोठं, अंगात खोड्या, आणि किंमत थोरल्या भावंडांपेक्षा जरा माणसात. ऑफिसातल्या कुणीही चार चाकं घेतली की आधी टॉर्कभाऊंचा कौल लागे.

"पण एक आहे," मालक म्हणाले. "शोरूमची माणसं मोकळ्या रस्त्यावर नेतात, भुर्रकन पळवतात आणि परत आणून चहा देतात. त्यातून काय कळणार? मला रोजचं सांगा. ऑफिस, बाजार, सिग्नल, पार्किंग. रोज चालवायला कुठली बरी? आज पांढरी न्या. स्वतः चालवून बघा."

'स्वतः चालवून' हे शब्द ऐकले आणि टॉर्कभाऊ चपापले. कारण त्या अख्ख्या ऑफिसात कुणाला ठाऊक नसलेली एक गोष्ट होती. टॉर्कभाऊ गाडी चालवत नसत.

लायसन्स होतं. लग्नाआधी काढलेलं, फोटोत भरघोस केस असलेलं. ते हातात पडलं त्याच आठवड्यात ते मित्राची गाडी घेऊन निघाले आणि एका शिंप्याच्या दुकानात, काचेसकट, दर्शनी भागात जाऊन थांबले. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण कोट घातलेल्या एका पुतळ्याचं डोकं निखळून बॉनेटवर आलं आणि त्यांच्याकडे बघत राहिलं. ती नजर टॉर्कभाऊ विसरले नाहीत. त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात म्हणून लावला नाही. ऑफिसात ते बसने येत आणि "इथं पार्किंगची बोंब आहे" असं सांगत. ती बोंब खरीच असल्याने कुणी जास्त विचारत नसे.

आता नाही म्हणायची सोय नव्हती. चावी हातात आली होती आणि बातमी बाहेर गेली होती.

संध्याकाळी सुटताना सगळं ऑफिस त्यांना निरोप द्यायला खाली उतरलं. पांढरी गाडी जमिनीला पोट टेकवून, झेप घेण्याच्या तयारीत असल्यासारखी उभी होती. टॉर्कभाऊ आत बसले. बसले म्हणजे घसरत खाली गेले. सीटने त्यांना दोन्ही बाजूंनी कवेत घेतलं. ब्रेक दाबून बटण दाबायचं हे त्यांना माहीत होतं. त्यांनी ते दाबलं. इंजिन गुरगुरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि तिथं टॉर्कभाऊंचं शौर्य संपलं.

"काय झालं, भाऊ?" रोखपालबाईंनी काचेत डोकावून विचारलं.

"उभ्या गाडीची थरथर तपासतोय."

"बराच वेळ तपासताय."

"इथेच तर चुकतं सगळ्यांचं. कुणी तपासतच नाही."

मग त्यांनी आरसे खाली-वर केले. सीट पुढे घेतली, मागे नेली. कुठलंतरी बटण दाबलं तर मागची डिकी आपोआप उघडली. "डिकी उत्तम," असं ते गंभीरपणे म्हणाले. ते ऐकून दोघंतिघं डिकी बघायला मागे गेले. हळूहळू लोक कंटाळले, बसची वेळ झाली, आणि पार्किंग रिकामं झालं. टॉर्कभाऊंनी इंजिन बंद केलं, कपाळ पुसलं आणि बायकोला फोन लावला.

"अगं, कुठे आहेस?"

"दवाखान्यात. एका बोक्याला सलाईन लावलंय. का हो?"

"टॅक्सी करून इकडे ये. एक गाडी घरी न्यायचीये."

त्यांची बायको जनावरांची डॉक्टर होती. तिच्या छोट्या जुन्या गाडीतून ती सकाळी मुलीला क्लासला सोडी, मग सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेई, मग आपल्या दवाखान्यात जाई, आणि संध्याकाळी उलट क्रमाने सगळं पुन्हा करी. टॉर्कभाऊ शेजारी बसत आणि "दुसरा टाक, आता तिसरा टाक" असं सांगत. ती पूर्वी उत्तर देत असे. हल्ली गाणी लावत असे.

ती आली, तिने गाडीभोवती एक चक्कर मारली, आजारी घोडा बघावा तशी. मग आत बसून सरळ निघाली.

"कशी आहे?" टॉर्कभाऊंनी अधीरपणे विचारलं. "वळणावर रस्ता धरतेय की नाही?"

"वळणाचं ठीक आहे. पण हिचं नाक कुठे संपतं ते दिसत नाही." समोर गतिरोधक आला. ती अगदी सावकाश वर चढली, तरी खालून खर्र असा आवाज आला. "पोट घासतंय. आणि खड्डा आला की थेट माकडहाडाला कळतं."

"ते स्पोर्ट सस्पेन्शन असतं. रस्त्याशी संवाद साधतं."

"जरा जास्तच बोलतं."

पण कोपऱ्यावर मोकळा रस्ता मिळाल्यावर तिने जरा पाय दाबला आणि गाडी अशी सुटली, की ती स्वतःच मोठ्याने हसली. टॉर्कभाऊंनी तिच्याकडे चमकून पाहिलं. गाडी चालवताना ती शेवटची कधी हसली होती ते त्यांना आठवेना.

तिथेच घात झाला. बसस्टॉपवर बस चुकलेल्या रोखपालबाई उभ्या होत्या. त्यांनी पांढरी गाडी पाहिली, स्टिअरिंगवर वहिनी पाहिल्या, शेजारी भाऊ पाहिले आणि पुढची बस यायच्या आत ही बातमी मालकांपर्यंत पोचवली. रात्रीचं जेवण व्हायच्या आत मालकांचा फोन आला.

"भाऊ, गाडी म्हणे मिसेस चालवत होत्या?"

टॉर्कभाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. पण तक्रार विभागात आयुष्य काढलेल्या माणसाला उत्तर शोधावं लागत नाही, ते आपोआप येतं.

"हो साहेब. मुद्दाम. रोजची गाडी म्हणजे घरातल्या सगळ्यांनी वापरून बघायला नको का? मी शेजारी बसून निरीक्षण करत होतो. चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर असतं, गाडीवर नसतं."

 मालक भारावून म्हणाले, "हे कुणालाच सुचलं नसतं! मग उद्या असं करू. निळी घेऊन मीच तुमच्याकडे येतो. तुमच्या मिसेस चालवतील, मातोश्रींनाही बसवू, मीही बसतो. सगळं कुटुंब एकदम. पांढरी आमचा ड्रायव्हर परत नेईल."

फोन ठेवून टॉर्कभाऊ बायकोकडे वळले. तिने ताटावरून मान वर न करता विचारलं, "किती वाजता?"

शनिवारी सकाळी निळी गाडी दारात आली. ड्रायव्हर पांढरी घेऊन गेला. टॉर्कभाऊंच्या आई नवी साडी नेसून, पर्स काखेत मारून तयार होत्या. त्या मागच्या दारातून आत शिरल्या, सीटवर टेकल्या, आणि मग खाली खाली जातच राहिल्या. शेवटी खिडकीच्या वर त्यांचा फक्त अंबाडा दिसू लागला.

"अरे, ही सीट आहे की विहीर?" आतून आवाज आला.

"स्पोर्ट्स गाडी आहे आई, खालीच असते."

दुसऱ्या बाजूने मालक बसले. ते देहाने भारदस्त होते. बसताना दाणकन आवाज झाला आणि त्यांनी डोळे विस्फारले. पण मालक माणूस. "प्रशस्त आहे," ते म्हणाले.

सहल छान चालली होती. निळी पांढरीपेक्षा शांत होती. गतिरोधकावरून पोट न घासता गेली तेव्हा बायकोने मान डोलावली. समोर मात्र इतकी बटणं होती की गार हवा हवी असेल तर गाणं लागे आणि गाणं बंद करायला गेलं की सीट तापे. टॉर्कभाऊ शेजारच्या सीटवर बसून अंगठी घातलेलं बोट नाचवत माहिती देत होते. "साहेब, हिचा दम बघा. शंभरचा वेग गाठायला..."

तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. दवाखान्यातली मदतनीस रडवेल्या आवाजात सांगत होती, की कुणाच्यातरी कुत्र्याने पाहुण्यांचा मोजा गिळलाय आणि तो आता श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज करतोय.

दवाखाना पुढच्याच वळणावर होता. बायकोने इंजिन चालूच ठेवून गाडी दारासमोर उभी केली, "आलेच, हलू नका," म्हणाली आणि पळत आत गेली.

हलू नका म्हणणं सोपं होतं. पण गाडी उभी होती ती बसस्टॉपवर. मागे बस येऊन थांबली आणि तिच्या चालकाने हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. बसच्या मागे टॅक्सी, टॅक्सीच्या मागे ट्रक. चौकातला पोलीस शिट्टी वाजवत, हातवारे करत यायला लागला.

"भाऊ, घ्या पुढे!" मालक म्हणाले. "आता तुमचाच हात बघू."

"हा?" आईंचा अंबाडा हलला. "हा चालवणार? मग मला आधी इथं उतरवा!"

"आई, शांत बस जरा."

"शांत काय बस? दार उघड!" आईंनी स्वतःच दार उघडलं, एक पाय बाहेर काढला, जोर लावला, आणि पुन्हा सीटमध्ये गडप झाल्या. पुन्हा जोर लावला, पुन्हा गडप. "मेली ही सीट सोडतच नाहीये!"

"मी पुढे येतो, भाऊंच्या शेजारी," मालक म्हणाले. त्यांनीही दाराला धरून उठायचा एक प्रयत्न केला. मग जरा थांबून म्हणाले, "राहू द्या. मागची सीटसुद्धा नीट तपासायला हवी."

पोलीस काचेपर्यंत आला होता. टॉर्कभाऊ उतरले, गाडीला वळसा घालून आले आणि चालकाच्या जागेवर बसले.  डावा पाय क्लच शोधत होता. क्लच या गाडीला नव्हताच, हे त्यांनी स्वतः ऑफिसात कितीतरी वेळा समजावून सांगितलं होतं, पण पायाला ते कुणी सांगितलं नव्हतं. एवढ्यात समोरच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली आणि टूं टूं असा आवाज सुरू झाला.

"काय वाजतंय?" मालकांनी विचारलं.

टॉर्कभाऊंनी वाचलं. चावी गाडीत नव्हती. ती बायकोच्या खिशात, दवाखान्यात, मोजा गिळलेल्या कुत्र्याजवळ होती. आता हे इंजिन चालू आहे तोवर चालू. एकदा का बंद पडलं, की चावी परत येईपर्यंत गाडी रस्त्याच्या मधोमध दगड होऊन बसणार. हे सगळं त्यांना पक्कं माहीत होतं. आणि याहून वाईट म्हणजे, पेट्रोल वाचवण्यासाठी सिग्नलला थांबलं की ही गाडी इंजिन आपलं आपणच बंद करते, हेही माहीत होतं.

"काही नाही साहेब. सूचना आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी डोळे मिटले आणि एक गोष्ट केली, जी ते रोज दुसऱ्यांसाठी करत. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं घाबरून फोन करायची तेव्हा टॉर्कभाऊ ज्या संथ, मधाळ आवाजात बोलायचे, त्याच आवाजात ते आता स्वतःशी बोलले.

"घाबरू नका. तुम्ही अगदी सुरक्षित आहात. श्वास हळूहळू सोडा."

"मी नाही घाबरलेली," मागून आई म्हणाल्या. "तूच घाबरलायस."

टॉर्कभाऊंनी ब्रेक दाबून गिअर टाकला, मग ब्रेकवरचा पाय उचलला आणि गाडी सरकली. खरंच सरकली. कासवालाही संकोच वाटावा अशा गतीने निळी गाडी बसस्टॉप सोडून पुढे आली. समोर चौक. उजवीकडे वळायचं म्हणजे समोरून येणाऱ्या सगळ्या वाहनांना आडवं जायचं. ते त्यांच्याच्याने होणार नव्हतं. डावीकडे वळलं की कुणाच्याच मध्ये यावं लागत नाही. ते डावीकडे वळले. पुढच्या कोपऱ्यावर पुन्हा डावीकडे. मग पुन्हा. आणि त्यांच्या लक्षात आलं, की सगळी वळणं डावीच घेतली तर माणूस फिरून पुन्हा दवाखान्यासमोर येतो. बायको दारात दिसली की थांबायचं, नाही दिसली की पुढची फेरी. मार्ग सापडला होता.

आता प्रश्न फक्त इंजिन आपोआप बंद पडण्याचा होता. ती सोय बंद करायचं बटण असतं, हे त्यांना माहीत होतं. कुठे असतं ते माहीत नव्हतं. लांब सिग्नल लाल व्हायला लागला. त्यांनी घाईने त्या बटणांच्या गर्दीत बोट घुसवलं आणि एक दाबलं.

गाडीचा सूर एकदम बदलला. आतापर्यंत मांजरासारखी बसलेली ती गाडी डरकाळी फोडून उठली, पडदा लालभडक झाला आणि पायाखाली कुणीतरी वीज सोडल्यासारखं वाटलं. हे स्पोर्टचं बटण होतं. टॉर्कभाऊंनी पाय नुसता टेकवला आणि तिघांची डोकी सीटवर आदळली. त्यांनी ब्रेक दाबला. तिघांची डोकी पुढे आली.

"वा!" मालक कसंबसं म्हणाले.

"असा वेग लागतो साहेब कधीकधी. बाजारात," टॉर्कभाऊ म्हणाले. आपण हे का म्हणालो ते त्यांनाही कळलं नाही. पण एक बरं झालं: या डरकाळीच्या अवस्थेत सिग्नलला इंजिन बंद पडलं नाही. ते घुरघुरत राहिलं. टॉर्कभाऊंचा जीव भांड्यात पडला.

मागे आई आणि मालक आता हळू आवाजात काहीतरी बोलत होते. आईंचा आवाज खालच्या पट्टीत एकसारखा चालू होता. मधूनमधून मालक "अरेरे" किंवा "काय सांगता" म्हणत. टॉर्कभाऊंचं तिकडे लक्ष नव्हतं. आई जप करतेय आणि साहेब साथ देतायत, असं त्यांना वाटलं.

पुढची फेरी. दवाखान्याचं दार रिकामं. पुन्हा डावीकडे. पण यावेळी मागच्या अरुंद गल्लीत एक टेम्पो आडवा उभा होता. त्यातून लाकडी कपाटं उतरवणं चाललं होतं. एका बाजूला टेम्पो, दुसऱ्या बाजूला भिंत, मध्ये जेमतेम फट. मागे आधीच दोन गाड्या येऊन चिकटल्या होत्या. थांबायचं नाही, बंद करायचं नाही, मागे जायचं नाही.

"नाही बसायची," कपाट धरलेला हमाल म्हणाला.

"बसेल," टॉर्कभाऊ म्हणाले. कारण या गाडीची रुंदी त्यांना आपल्या बुटाच्या मापासारखी पाठ होती. आरसे धरून किती आणि आरसे मिटून किती, दोन्ही. जन्मभर डब्याच्या साक्षीने पाठ केलेलं ते ज्ञान आज पहिल्यांदाच उपयोगाला येत होतं. त्यांनी बटणांकडे पाहिलं. यावेळी घाई केली नाही. वाचलं, खात्री केली, दाबलं. दोन्ही आरसे कान पाडल्यासारखे मिटले.

"एक हात भिंतीकडे, श्वास सोडा," ते पुटपुटले आणि पाय अलगद सैल सोडला.

गाडी फटीत शिरली. भिंतीवरचं खरवडलेलं रंगकाम काचेतून दिसत होतं, दुसऱ्या बाजूला टेम्पोचा गंजका खिळा. मागून आवाज बंद झाले होते, आईंचासुद्धा. हमालाने कपाट खाली ठेवलं आणि "या, या, या, अजून या," असं हाताने बोलावू लागला. मग एकदम उजेड आला. गाडी पलीकडे होती. कुठे ओरखडा नाही, खर्र नाही, काही नाही. हमालाने शिट्टी मारली.

 टॉर्कभाऊंनी आरसे उघडले. मधल्या आरशात त्यांना आपला चेहरा दिसला आणि तो घाबरलेला नव्हता. पुढचा रस्ता शाळेच्या भिंतीच्या कडेने सरळ आणि सुट्टीमुळे मोकळा होता. त्यांनी पाय दाबला. थोडा. मग आणखी थोडा. गाडीने त्यांना हळुवार पुढे ढकललं. ज्या ताकदीबद्दल ते इतकी वर्षं बोलत होते ती त्यांच्या पाठीला लागली आणि त्यांना कळलं, की आपण जे सांगत होतो ते खरंच होतं.

"हळू रे!" आई म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "बरं वाटतंय. वारा येऊ दे."

दवाखान्यासमोर आले तेव्हा बायको पायरीवर उभी होती. हिरवा ॲप्रन, एका हातात चिमट्यात धरलेला ओला मोजा, दुसऱ्या हातात चावी. तिने बसस्टॉपकडे पाहिलं, गाडी नव्हती म्हणून तिचा चेहरा पडला. मग तिने वर पाहिलं आणि तिला डावीकडचा दिवा उघडझाप करत निळी गाडी येताना दिसली. स्टिअरिंगवर नवरा. ती तोंड उघडं टाकून बघत राहिली.

टॉर्कभाऊंना थांबता आलं असतं. आता चावी होती, जागा होती, मागे बसही नव्हती. पण त्यांनी फक्त काच खाली केली, "आलोच!" म्हणाले आणि डावीकडे वळून आणखी एक फेरी मारली. ती फेरी कशाचीच गरज म्हणून नव्हती.

मग ते येऊन थांबले, अगदी फुटपाथला लागून. बायको चालकाच्या दाराशी आली. त्यांनी मानेनेच दुसऱ्या बाजूची सीट दाखवली.

"त्या बाजूने बस."

ती बसली.  घराच्या वळणावर तिने सीट मागे पाडली, पाय लांब केले आणि म्हणाली, "या सीटवर बसलं की किती छान दिसतं हो बाहेरचं." टॉर्कभाऊंना उत्तर द्यायचं होतं, पण ते वळण घेत होते. आणि हे वळण उजवं होतं.

घरी पोचल्यावर बायकोने सासूबाईंना काढलं. "आधी गुडघे बाहेर, मग मान खाली, आता मी धरते. गाई उठतात तसं उठायचं, मागून." आई बाहेर आल्या, साडी झटकली आणि आजूबाजूच्या घरांकडे, कुणी बघतंय की नाही ते पाहत म्हणाल्या, "माझ्या मुलाने आणलं."

मालक मात्र उतरले नाहीत. "मी बसतो इथेच. ड्रायव्हर येईल, तो घेऊन जाईल," ते म्हणाले. त्यांनी चहासुद्धा गाडीतच घेतला. साहेबांना गाडी सोडवत नाहीये, असं टॉर्कभाऊंना वाटलं आणि त्यांना भरून आलं.

सोमवारी केबिनमध्ये ते उभे राहिले ते वेगळ्याच आवाजात बोलायला. शंभरच्या वेगाचा त्यांनी उल्लेखच केला नाही.

"साहेब, रोजच्यासाठी निळी. पांढरी देखणी आहे, मोकळ्या रस्त्यावर तिला तोड नाही. पण रोज तुम्हाला मोकळा रस्ता कोण देणार? तिचं पोट घासतं आणि नाक दिसत नाही. निळी हळू चालते तेव्हा धक्के देत नाही, आणि अशा गाड्यांत तीच अवघड गोष्ट असते. गल्लीत आरसे मिटतात. बटणं मात्र भयंकर आहेत. पहिला आठवडा कुठल्याही बटणाला हात लावू नका, नुसती वाचा."

"पटलं," मालक म्हणाले. "निळी घेतली."

टॉर्कभाऊ दारापर्यंत गेले आणि परत आले.

"साहेब, आणखी एक. मी तुम्हाला सांगितलं नाही. शनिवारी मी गाडी चालवली ना, ती लायसन्स मिळाल्यानंतरची दुसरी वेळ होती."

"माहितेय."

"माहितेय?"

"पहिल्याच फेरीत तुमच्या मातोश्रींनी सगळं सांगितलं. शिंप्याच्या दुकानापासून. अगदी बारीकसारीक तपशिलासकट."

 "मग तुम्ही थांबवलं का नाहीत मला? उतरला का नाहीत?"

मालक उठले. त्यांनी आधी केबिनचं दार लावून घेतलं.

"भाऊ," ते खालच्या आवाजात म्हणाले, "उतरता आलं असतं तर उतरलोच असतो की! घरी ड्रायव्हरने एक हात धरला आणि वॉचमनने दुसरा, तेव्हा कुठे सुटलो." ते टेबलाकडे वळले. "पण खरं सांगतो. त्या टेम्पोपाशी मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तर आपण पलीकडे! शोरूमच्या माणसांनी मला पुष्कळ पळवलं, पण असं पलीकडे कुणी नेलं नव्हतं."

त्यांनी टेबलावरची निळीची चावी उचलली आणि टॉर्कभाऊंच्या हातात ठेवली.

"चला, शोरूमला जाऊन सांगून येऊ. तुम्हीच चालवा."

"तुम्ही मागे बसा साहेब, मी दार उघडतो."

"मागे?" मालक दचकून म्हणाले. "छे छे! मी पुढे बसणार. पुढून निदान उतरता तरी येतं."